वाचकांचे प्रश्न : कार्ड बॅन करायचं ते कशावरून?

गेल्या अंकात ‘मॅजिक: द गॅदरिंग’मधल्या बंदी घातलेल्या काही कार्डांबद्दल लिहिलं होतं आणि तुमचं मत विचारलं होतं. आलेली पत्रं बहुतेक रागावलेली आहेत, आणि त्यांतले प्रश्न खरे आहेत, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते. हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. रिचर्ड गारफील्ड यांनी तो तयार केला, १९९३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू आपापला डेक घरून बांधून आणतो. आजवर २५ हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. कुठल्या खेळात कोणती चालतील हे ‘फॉरमॅट’, म्हणजे खेळाचा प्रकार, ठरवतो (कमांडर, स्टँडर्ड, मॉडर्न, लेगसी ही अशाच फॉरमॅटची नावं), आणि त्या फॉरमॅटमध्येही काही कार्डांवर बंदी असते. मी स्वतः पुण्यात दुकानांतल्या स्पर्धांना जज म्हणून उभी राहते, त्यामुळे हे वाद रोज कानावर पडतात.

ताई, पहिल्या बोनसमधून मी ‘माना क्रिप्ट’ घेतलं आणि थोड्याच दिवसांत ते कमांडरमध्ये बॅन झालं. कार्ड माझं, पैसे माझे, आणि ते खेळायचं की नाही हे ठरवणार दुसरेच? ही लूट नाही का?
— पुण्याचा एक वाचक

तुमचं नुकसान झालंय, यात वाद नाही. तरीही ती बंदी बरोबर होती असं माझं मत आहे. का ते सविस्तर सांगते.

कमांडरमध्ये चौघं बसतात, प्रत्येकाचा डेक १०० कार्डांचा, साध्या लँड सोडल्या तर कुठलंही कार्ड एकदाच, आणि प्रत्येकाला ४० लाइफ. कार्ड खेळायचा खर्च ‘माना’त चुकवायचा, आणि माना लँडमधून मिळतो. एका टर्नला, म्हणजे पाळीला, एक लँड लावायची, म्हणजे पहिल्या टर्नला एक माना, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सगळा खेळ या चढत्या पायऱ्यांवर बांधलेला आहे. माना क्रिप्टला काहीच खर्च नाही. शून्य मानात ते टेबलावर येतं आणि दर टर्नला दोन माना देतं. म्हणजे पहिल्याच टर्नला तुमच्याकडे तीन माना, बाकीचे तिघं अजून एकावर. त्याची किंमत काय, तर आपल्या टर्नच्या सुरुवातीला नाणं उडवायचं, हरलात तर तीन डॅमेज. दोघांच्या, २० लाइफच्या खेळात ते बोचतं. ४० लाइफ असताना त्याकडे कुणी बघतही नाही.

‘शंभरात एकच तर कार्ड आहे, येतं कितीदा?’ असं सगळे म्हणतात. गणित करून बघा. डेकचं प्रमुख कार्ड, म्हणजे त्याचा ‘कमांडर’, बाजूला ठेवला की ९९ कार्डं उरतात, सुरुवातीच्या हातात सात येतात. म्हणजे शंभरातल्या सात वेळा ते पहिल्याच हातात. पण टेबलावर चौघं आहेत, आणि चौघांच्याही डेकमध्ये ते असेल, तर दर चार डावांत साधारण एकदा कुणातरी एकाच्या पहिल्या हातात माना क्रिप्ट असणारच. मी असे डाव जवळून पाहिलेत. एकानं लँड, क्रिप्ट आणि त्यावरून आणखी एक माना देणारं कार्ड लावलं, दुसऱ्या टर्नला पाच मानाचा कमांडर उतरवला. बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. डाव पुढे तासभर चालला, पण त्या तासात तिघंही स्वतःचा खेळ खेळले नाहीत, एकालाच आवरत बसले आणि तेही जमलं नाही. रविवारची दुपार राखून, पिंपरीहून बस बदलून आलेल्या मुलांची ती दुपार अशी गेली, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या कार्डाच्या किमतीइतकंच.

२३ सप्टेंबर २०२४ ला माना क्रिप्टबरोबर ‘ज्युएल्ड लोटस’, ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’ आणि ‘नाडू, विंग्ड विस्डम’ ही तीन कार्डंही बॅन झाली. ‘सोल रिंग’ मात्र राहिली. एक माना खर्च, दोन माना मिळकत, आणि कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक तयार कमांडर डेकमध्ये ती असतेच. ती या खेळाची ओळख आहे म्हणून ठेवली, हे कारण मला पटलेलं नाही. जो नियम क्रिप्टला तोच रिंगला लावायला हवा होता.

आता पैशांचं. ज्युएल्ड लोटस २०२३ मध्ये ‘कमांडर मास्टर्स’च्या पाकिटांत पुन्हा छापलं गेलं. माना क्रिप्ट त्याच वर्षी ‘लॉस्ट कॅव्हर्न्स ऑफ इक्सलान’च्या पाकिटांत आलं. त्या कार्डांच्या आशेवर लोकांनी पाकिटं फोडली आणि वर्षाच्या आसपास बंदी आली. राग यायलाच हवा. पण तो कुणावर काढायचा? तेव्हा कमांडरची यादी कंपनीच्या हातात नव्हती. स्वतंत्र रूल्स कमिटी ती ठरवत होती, आणि त्यातले लोक स्वयंसेवक होते. त्यांनी दुकानातला भाव न बघता खेळ बघितला, आणि बंदी घालणाऱ्यानं तेच बघायला हवं. त्याबद्दल त्यांना धमक्या आल्या. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, कमिटीनं कमांडरचा कारभार विझर्ड्सकडे सोपवला. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. जी कंपनी कार्डं विकते, तीच आता कोणतं कार्ड बाद करायचं हे ठरवते. ज्यांनी धमक्या दिल्या, त्यांनी खेळाडूंच्या बाजूनं उभी असलेली एकमेव जागा मोडली.

तुमच्या ओळखीच्या चौघांना चालत असेल तर घरी क्रिप्ट जरूर खेळा. डाव सुरू करण्याआधी आपसात बोलून नियम सैल करायची मुभा कमांडरमध्ये आहेच, तिला खेळाडू ‘रूल झीरो’ म्हणतात. फक्त अनोळखी टेबलावर बसताना आधी विचारा.

मुलगा सातवीत आहे. त्याचे मित्र सारखे ‘हे कार्ड बॅन, ते कार्ड बॅन’ म्हणत असतात. माझा साधा प्रश्न आहे: कंपनी स्वतः कार्ड छापते आणि स्वतःच बाद करते. आधी खेळून बघत नाहीत का?
— डोंबिवलीच्या एक वाचक

बघतात. पगारी माणसं महिनोन्‌महिने तेच काम करतात. तरी सुटतं ते बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी बदललेल्या कार्डातून.

२००४ च्या फेब्रुवारीत ‘स्कलक्लॅम्प’ नावाचं कार्ड आलं. एका मानात टेबलावर येतं, आणखी एका मानात एखाद्या क्रीचरला, म्हणजे टेबलावर लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डाला, बांधता येतं. ज्याला बांधलं त्याची ताकद एकानं वाढते आणि जीव एकानं कमी होतो. तो क्रीचर मेला की तुम्हाला दोन कार्डं मिळतात. कार्ड थोडं कमजोर व्हावं म्हणून विकसन संपत आलं असताना तो जीव एकानं घटवला होता. झालं नेमकं उलटं. ज्यांचा जीव मुळात एकच, असे क्षुद्र क्रीचर क्लॅम्प बांधताच मरायचे. म्हणजे एका मानात दोन नवी कार्डं, हवी तितक्या वेळा. जूनमध्ये ते स्टँडर्डमधून बाद झालं.

वीस वर्षांनी, जून २०२४ मध्ये, नाडू आलं आणि तीच गोष्ट पुन्हा घडली. तुमच्या क्रीचरला कुणी ‘टार्गेट’ केलं की डेकच्या वरचं कार्ड उघडायचं, लँड असेल तर थेट टेबलावर, नाहीतर हातात. प्रत्येक क्रीचरमागे एका टर्नला दोनदा. शून्य मानात बांधता येणारं ‘शुको’ नावाचं एक जुनं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं कार्ड होतं. ते या क्रीचरवरून त्या क्रीचरवर फुकट फिरवत राहायचं आणि दर वेळी कार्ड उचलायचं. मॉडर्न फॉरमॅटमध्ये त्यानं धुमाकूळ घातला, अ‍ॅमस्टरडॅमची प्रो टूर ही मोठी स्पर्धा सायमन नीलसन यांनी नाडूच्या डेकनंच जिंकली, आणि २६ ऑगस्टला बंदी आली. त्याच दिवशी डिझायनर मायकेल मेजर्स यांनी स्वतःच्या नावानं लिहून सांगितलं, की कार्डाचा मजकूर शेवटी बदलला गेला, बदललेलं कार्ड पुन्हा खेळून पाहिलं गेलं नाही, आणि शून्य मानाच्या क्षमतांशी त्याचं काय होईल हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. बंदीच्या चार ओळी कुणीही छापेल. कुठे चुकलं हे नावानिशी सांगितलं, की ज्यानं पैसे घातले त्याला निदान खरं काय ते तरी कळतं.

मुलाला विचारा, त्याच्या ओळखीतलं कुठलं बॅन कार्ड त्याला अन्यायाचं वाटतं. तो तासभर बोलेल.

आम्ही कॉलेजचे आठ जण मॉडर्नसारखाच एक घरगुती फॉरमॅट खेळतो. एकाचा डेक सगळ्यांना धुतो. त्यातलं नक्की कोणतं कार्ड बॅन करायचं यावरून आमची भांडणं चालू आहेत. कसं ठरवायचं?
— कोल्हापूरहून आलेलं पत्र

या महिन्यातलं सर्वांत चांगलं पत्र तुमचं.

जिंकणारं कार्ड आणि बिघडवणारं कार्ड एकच असतं असं नाही. २०१९ च्या जूनमध्ये ‘होगाक, अराइझन नेक्रोपोलिस’ आलं. सात मानाचा, आठ-आठ ताकदीचा राक्षस, पण त्यासाठी माना खर्चच करायचे नाहीत. टेबलावरचे क्रीचर आडवे करून आणि ग्रेव्हयार्डमधली, म्हणजे वापरून झालेल्या ढिगातली, कार्डं बाहेर काढून तो उतरवायचा, तोही थेट ग्रेव्हयार्डमधून. दुसऱ्या टर्नलाच तो टेबलावर दिसायला लागला. त्याच डेकमध्ये ‘ब्रिज फ्रॉम बिलो’ हे जुनं कार्ड होतं. ८ जुलैला विझर्ड्सनं ब्रिज बॅन केलं, होगाक ठेवलं. कार्ड नवं होतं, पाकिटं अजून दुकानात होती. खेळाडूंनी ब्रिजची चार कार्डं काढून दुसरी चार घातली आणि डेक तसाच धावत राहिला. जुलैअखेर बार्सिलोनाच्या मिथिक चॅम्पियनशिपला सर्वांत जास्त खेळला गेलेला डेक तोच होता. त्याच्या धास्तीनं लोकांनी ग्रेव्हयार्डची वाट बंद करणारं ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ साइडबोर्डातून, म्हणजे राखीव कार्डांतून, उचलून मुख्य डेकमध्ये भरलं. शेवटी २६ ऑगस्टला होगाक गेलं. दीड महिना वाया गेला.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा असू द्या: हे कार्ड काढलं तर डेकमध्ये काय उरतं? त्याच्या जागी दुसरं घालून मित्र तितकाच जिंकत असेल, तर तुम्ही भलत्याच कार्डावर बंदी घातली. काढून खेळून बघा. दोन संध्याकाळी पुरतात.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: समोरच्याला काय करता येतं? ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’ आठवतं का? ऑक्टोबर २०१९. तीन मानाचा प्लेन्सवॉकर, म्हणजे टेबलावर राहून दर टर्नला काहीतरी करणारं कार्ड. दर टर्नला टेबलावरचा कुठलाही क्रीचर किंवा आर्टिफॅक्ट (वस्तूचं कार्ड) घ्यायचा आणि त्याला तीन-तीन ताकदीचं, कुठलीही क्षमता नसलेलं हरीण करून टाकायचं. आणि हे करताना त्याची स्वतःची लॉयल्टी, म्हणजे त्याचा जीव, वाढायची. मी कितीही विचार करून, कितीही जपून एखादा क्रीचर उतरवला, तरी पुढच्या टर्नला तो हरीण. सगळ्यांची कार्डं सारखीच होऊन बसली. रिचमंडच्या मिथिक चॅम्पियनशिपमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास डेकमध्ये ओको होता. ती स्पर्धा झाली आणि १८ नोव्हेंबरला तो स्टँडर्डमधून गेला. मेंढीकोटात चारही दहाची पानं दर डावाला एकाच जोडीकडे जायला लागली तर बाकीच्यांनी पानं पिसायची तरी कशाला? ओकोच्या वेळी माझ्यासमोरची पोरं हेच विचारत होती.

याच्या उलट ‘स्प्लिंटर ट्विन’. ‘डिसीव्हर एक्झार्क’ या क्रीचरला ते चिकटवलं की चौथ्या टर्नला हव्या तितक्या प्रती तयार होऊन डाव खलास. ऐकायला भयंकर. पण उत्तर सगळ्यांकडे होतं. एक माना मोकळा ठेवून क्रीचर हटवणारं ‘पाथ टू एक्झाइल’ हातात धरलं की झालं. ‘लाइटनिंग बोल्ट’नं काम भागत नसे, कारण बोल्ट तीन डॅमेज करतो आणि एक्झार्कचा जीव चार. मग प्रत्येक टर्नला डोक्यात हिशेब: आत्ता सगळे माना खर्चू की एक राखू? तो आता चिकटवेल की मला घाबरवतोय? मला ते डाव बघायला फार आवडायचे. जानेवारी २०१६ मध्ये त्यावर बंदी आली, आणि ती मला कधीच पटली नाही. १६ डिसेंबर २०२४ ला ती उठली. मॉडर्न काही कोसळलं नाही.

तेव्हा कार्ड किती जोरदार आहे यावर अडून बसू नका. त्याच्यासमोर बसलेल्याला विचार करण्यासारखं काही उरतं का, ते बघा. हरलेला मित्र ‘मी तिसऱ्या टर्नला वेगळं खेळलो असतो तर…’ असं म्हणत घरी जात असेल तर कार्ड राहू द्या. ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ असं पाच वेळा पाच वेगवेगळ्या मित्रांकडून ऐकलंत, तर काढा.

आणि काढायचंच तर मुळासकट. २००४ मध्ये स्कलक्लॅम्प गेलं तरी त्याच काळातला ‘अ‍ॅफिनिटी’ डेक उरलाच. विझर्ड्स थांबले, खेळाडू कंटाळून स्पर्धांना यायचे बंद झाले, आणि मार्च २००५ मध्ये एकदम आठ कार्डं बाद करावी लागली: सहा आर्टिफॅक्ट लँड, ‘आर्कबाउंड रॅव्हेजर’ आणि ‘डिसायपल ऑफ द व्हॉल्ट’. एवढी मोठी बंदी बघून लोक चिडले, पण ती वर्षभर आधी यायला हवी होती.

मतदान घ्याल तेव्हा त्या डेकवाल्या मित्रालाही मत द्या. त्यानं तो डेक मेहनतीनं बांधलाय, आणि त्यात नक्की कशाच्या जोरावर जिंकतो हे आठही जणांत त्यालाच सर्वांत चांगलं ठाऊक आहे.

फक्त ताकदीमुळेच बंदी येते का?
— नागपूरचे एक वाचक

नाही. १९९३ च्याच ‘अरेबियन नाइट्स’ संचातलं ‘शहराजाद’ घ्या. ते खेळलं की चालू डाव थांबवून उरलेल्या कार्डांवर दुसरा पूर्ण डाव खेळायचा, हरेल त्याचं लाइफ निम्मं. कल्पना सुंदर आहे, स्पर्धेत अशक्य. आमची एक फेरी ५० मिनिटांची असते. वेळेपायीच २०१३ मध्ये मॉडर्नमधून ‘सेकंड सनराइज’ गेलं. त्या डेकचा एक टर्न इतका लांबायचा, की समोरचा खेळाडू हात बांधून बसून असायचा, आणि फेरी संपली तरी सगळी स्पर्धा त्या एका टेबलासाठी खोळंबायची. लेगसीत २०१७ मध्ये ‘सेन्सेज डिव्हाइनिंग टॉप’वर बंदी आली, त्यातही वेळ हे एक कारण होतं. ज्यांना वाटतं की वेळ हे फालतू कारण आहे, त्यांनी एकदा जजच्या जागी उभं राहावं.

सुरुवातीच्या काळात ‘अँटी’ची कार्डं होती, म्हणजे हरलात तर पणाला लावलेलं कार्ड कायमचं जिंकणाऱ्याचं. ती सरळ जुगाराकडे जाणारी होती. ती स्पर्धांतून बाद झाली हे उत्तम झालं.

आणि जून २०२० मध्ये सात जुनी कार्डं त्यांच्यातल्या वंशद्वेषी किंवा अपमानास्पद चित्रांमुळे, नावांमुळे किंवा मजकुरामुळे सगळ्या स्पर्धांतून काढली गेली. त्यात ‘प्रदेश जिप्सीज’ असं एक होतं. आपला शब्द उचलून एका भटक्या समाजाच्या हिणकस नावाला जोडलेला. खेळात त्याला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे ते गेल्यानं कुणाचा डेक बिघडला नाही. तरीही ते जायलाच हवं होतं. खेळायला बसलेल्या मुलीला समोरच्या कार्डावर स्वतःच्या समाजाचा अपमान वाचायला लागू नये.

बंदीच्या तारखा आधी जाहीर असाव्यात की गरज पडेल तेव्हा घालावी?
— जर्सी सिटीहून एक वाचक

तारखा जाहीर असाव्यात, आणि त्या दिवशी जे सांगितलं ते पाळावं. २४ एप्रिल २०१७ ला विझर्ड्सनं ‘स्टँडर्डमध्ये काही बदल नाही’ असं सांगितलं. दोनच दिवसांनी, ऑनलाइन खेळातले नवे आकडे बघून, ‘फेलिडार गार्डियन’ बॅन केलं. कार्ड बॅन व्हायलाच हवं होतं, त्याचा ‘सहीली राय’बरोबरचा कॉम्बो चौथ्या टर्नला डाव संपवत होता. पण मधल्या दोन दिवसांत ‘आता सुरक्षित’ म्हणून ज्यांनी तो डेक विकत घेतला, त्यांना काय उत्तर द्यायचं?

याउलट २०११ ची एक गोष्ट मला आवडते. ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ आणि ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ स्टँडर्डमधून बाद झाली, तेव्हा दुकानात मिळणाऱ्या एका तयार डेकमध्ये स्टोनफोर्जची दोन कार्डं होती. मग सवलत दिली गेली: तो डेक एकही कार्ड न बदलता, जसाच्या तसा खेळलात तर चालेल. नवख्या मुलानं दुकानातून पेटी आणली आणि दारातच त्याला परत पाठवलं, असं होऊ नये एवढी काळजी कुणीतरी घेतली.

ताई, स्पर्धेत माझ्या डेकमध्ये चुकून बॅन झालेलं कार्ड राहिलं तर मला बाहेर काढतील का?
— सांगलीचा एक आठवीतला वाचक

नाही रे, घाबरू नकोस. दुकानातल्या साध्या स्पर्धेत जज ते कार्ड काढायला लावतात, डेक कमी पडत असेल तर त्या जागी साधी लँड घालतात, आणि खेळ पुढे चालू. मोठ्या, बक्षिसांच्या स्पर्धेत मात्र सहसा एक गेम हरल्याचा दंड बसतो. म्हणून आदल्या रात्री कंपनीच्या साइटवरची यादी उघडून आपल्या फॉरमॅटचं नाव बघ आणि एकेक कार्ड ताडून घे. कधी शंका आली तर सामना सुरू होण्याआधी हात वर कर आणि जजला बोलाव. आधी विचारलंस तर कुणी रागावत नाही.